भिंतीखालचे सहा घास

पहिली बाटली फुटली तेव्हा ओळंब्याची बायको भांडी विसळत होती. तिला वाटलं, नवऱ्याने पुन्हा दार लाथेने उघडलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात असल्या आवाजांची तिला इतकी सवय झाली होती की तिने मानही वळवली नाही. दुसरी फुटली तेव्हा फळी हलली. मग तिसरीने चौथीला धक्का दिला, चौथीने पाचवीला, आणि बघता बघता वाइनच्या अकरा बाटल्या फुटल्या. छतावर लाल शिंतोडे, पिठाच्या डब्यात काचा, आणि बायकोच्या डाव्या डोळ्याखाली, डोळ्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर, काचेचा एक तुकडा रुतलेला.

ओळंबा धावत आला. त्याने आधी बाटल्यांकडे बघितलं, मग बायकोकडे. हा क्रम बायकोने नीट लक्षात ठेवला.

ती दवाखान्यात जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं काम करायची. तिने आरशासमोर उभं राहून चिमट्याने स्वतःच काच काढली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि तसंच दाबून धरून बोलली. "आजवर तुम्ही दुसऱ्यांना फोडलंत, तुमच्या पट्ट्या मी बांधल्या. आता घरातल्या बाटल्याही तुमच्यासारख्याच निघाल्या."

"साखर राहिली असेल आत," ओळंबा म्हणाला. "उकाड्याने पुन्हा आंबायला लागली. थंड जागा पाहिजे तिला. तळघर पाहिजे."

"मग बांधा. पण माझी एक अट आहे. तळघर पुरं होईपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. दुकानदारावर नाही, मजुरावर नाही, आणि पलीकडे राहतो त्याच्यावर तर मुळीच नाही. तुम्ही एकदा हात उचललात की मी माझी पेटी उचलीन आणि बहिणीकडे जाईन. कायमची."

ती उगाच धमक्या देणारी बाई नव्हती. पलंगाखालची पत्र्याची पेटी तिने त्याच संध्याकाळी बाहेर काढून दाराजवळ ठेवली. कुलूप लावलं नाही.

आता हा ओळंबा कोण, ते सांगायला हवं. पेशाने गवंडी. उंच, काटकुळा, मान किंचित पुढे. गवंडी सुताला जे पितळी वजन लटकवून भिंत सरळ आहे की नाही बघतो, तसाच तो कुठेही जाऊन उभा राहायचा आणि तिथलं काय वाकडं आहे ते सांगायचा. दाराची चौकट वाकडी, दुकानाची पायरी वाकडी, डॉक्टरची सही वाकडी. म्हणून त्याला त्या वजनाचंच नाव पडलं, ओळंबा. नुसतं सांगून थांबला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण समोरच्याने "राहू दे ना बाबा" म्हटलं की याचा हात शिवशिवायचा. त्याने सिमेंटवाल्याला पोत्यांवर आडवा केला होता, एका सुताराच्या बोटांवर दार लावलं होतं, आणि एकदा बसच्या रांगेत मधे घुसलेल्या माणसाच्या कानाखाली असा आवाज काढला होता की पुढच्या थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. राग याच्या नाकावर नव्हताच. तो थेट मनगटात राहायचा.

बायकोवर मात्र त्याने कधी हात टाकला नव्हता. तो स्वतः हे फार मोठेपणाने सांगायचा. ती म्हणायची, "हो, मला नाही मारलं. माझ्या आजूबाजूचं सगळं मारलं."

वाइनचं वेडही असंच एका ठोशातून आलं. एका निवृत्त साहेबाच्या घराखाली त्याने तळघर बांधलं होतं. विटांची कमान अशी की खाली उभं राहिलं तर मान आपोआप वर जावी. भिंतीत तीनशे बाटल्यांचे कोनाडे, प्रत्येक कोनाडा मागच्या बाजूला किंचित उतरता. चार महिने तो त्या खड्ड्यात राबला. काम संपलं त्या दिवशी साहेबाने पाहुणे बोलावले, एक जुनी बाटली उघडली आणि सगळ्यांना पातळ काचेच्या पेल्यांतून दिली. ओळंब्याला दिली ती सिमेंटमध्ये पाणी ओतायच्या डबड्यात. साहेबाच्या मनात काही वाईट नसेलही. हाताशी जे आलं ते त्याने पुढे केलं. ओळंब्याने एक घोट घेतला. जिभेवर आधी सिमेंट आलं आणि मग दुसरंच काहीतरी, आंबट, गार, खोल. त्याने डबडं नीट रिकामं केलं, खाली ठेवलं आणि साहेबाच्या नाकावर ठोसा मारला.

वर्षभर त्याला कुणी काम दिलं नाही. त्या वर्षात तो द्राक्षांची वाइन करायला शिकला. हंगामाच्या शेवटी बाजारात उरलेली द्राक्षं आणायची, चिरडायची, पिंपात आंबवायची, गाळायची, भरायची. धीर नावाची चीज त्याच्याकडे नव्हतीच, त्यामुळे आतली साखर पुरती संपायच्या आत तो बुचं ठोकायचा आणि वरून तार आवळायचा. बाटल्या फुटायच्या नाहीत तर काय नाचायच्या?

आणि पलीकडे राहणारा, तो त्याचा सख्खा भाऊ. थोरला.

घर एकच होतं, बापाने बांधलेलं. बाप मेल्यावर मधल्या भिंतीतलं दार विटांनी बुजवलं आणि एका घराची दोन झाली. थोरलाही गवंडीच. बायको वारलेली, मूलबाळ नाही, एकटा. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. शेवटचं बोलणं झालं ते बापाची हत्यारं वाटून घेताना. बापाचा पितळी ओळंबा दोघांनाही हवा होता. धाकट्याने तो उचलून थोरल्याच्या तोंडावर मारला, पुढचे दोन दात गेले. थोरल्याने फावड्याचा दांडा याच्या डाव्या कानावर घातला, तो कान गेला तो गेलाच. शेवटी थोरला रक्त थुंकत म्हणाला, "दात माझे गेले, तर ओळंबा माझा." असं ते वजन थोरल्याकडे गेलं आणि धाकट्याकडे नुसतं नाव उरलं.

दोघांना मारायला शिकवलं ते बापानेच. बापाजवळ चार फुटांची लाकडी पट्टी असायची. ती भिंतीला लावून तो सपाटी बघायचा आणि सपाटी नसली की तीच पोरांच्या पाठीला लावायचा. मारताना मोजायचा. एक चूक, पाच पट्ट्या. आवाज न चढवता, विटा मोजाव्यात तशा. त्यातला एक धडा दोघांच्या हाडांत बसला होता. उभ्या भिंतीखाली खणायचं असेल तर सगळी भिंत एकदम उघडी करायची नाही. तीन तीन फुटांचे तुकडे पाडायचे. बाप त्यांना घास म्हणायचा. डाव्या हातापासून मोजायचं. एक नंबरचा घास काढायचा, तिथे काँक्रीट भरायचं, तीन दिवस कडक होऊ द्यायचं. मग तीन नंबर, मग पाच. त्यानंतर दोन, चार, सहा. "शेजारचे दोन घास एकदम काढलेत," बाप म्हणायचा, "तर भिंत तुमचा घास घेईल." थोरला चौदा वर्षांचा असताना त्याने एकदा घाईने शेजारचा घास उघडला होता. बापाची पट्टी त्या दिवशी मोडली. धाकटा बघून हसला, म्हणून उरलेला तुकडा त्याला.

तर तळघर. ओळंब्याने मागच्या खोलीतल्या फरशा उचलल्या आणि खणायला सुरुवात केली. खोली लहान, आणि सगळ्यात गार माती मधल्या भिंतीलगत. शहाण्या माणसाने भिंतीपासून दोन हात सोडून खड्डा घेतला असता. पण याला बोटभर जागा सोडायची नव्हती. भिंतीचा पाया तीन फूट खोल, तळघर हवं सात फूट. म्हणजे भिंतीखाली जाऊन नवा पाया भरणं आलंच. भिंत अठरा फुटांची. सहा घास.

"दादांना सांगा तरी," बायको म्हणाली. "भिंत दोघांची आहे."

"सांगायचं म्हणजे बोलावं लागेल."

"मग चिठ्ठी टाका."

त्याने चिठ्ठी लिहायला घेतली. 'भिंतीखाली काम करतोय. घाबरू नको.' वाचल्यावर त्याचं त्यालाच वाटलं की 'घाबरू नको' म्हणजे टोमणा होतो. 'घाबरू नको' खोडलं. नुसतं 'भिंतीखाली काम करतोय' उरलं, ती तर सरळ धमकी दिसायला लागली. त्याने कागद चुरगळून खड्ड्यात टाकला.

थोरला काही गप्प बसणारा नव्हता. इकडे कुदळ सुरू झाली की तो पलीकडून लोखंडी नळीने भिंत बडवायचा. धाड, धाड, धाड. ओळंब्याने अंगणात टाकलेली माती तो फावड्याने परत कुंपणावरून इकडे लोटायचा. अंगणात उभा राहून हवेशी बोलायचा, "काही लोकांना जमिनीत गाडल्याशिवाय अक्कल येत नाही. बरं झालं, स्वतःच खणतायत." हवेशी बोललं तर ते बोलणं धरायचं नाही, असा दोघांचा अलिखित करार होता.

ओळंब्याचं रक्त उकळायचं. एकदा कुंपणावरून आलेलं मातीचं घमेलं थेट त्याच्या डोक्यावर पडलं. तो पहार घेऊन दारापर्यंत गेला. दाराजवळ पेटी होती. तो परत फिरला, अंगणातल्या पाण्याच्या पिंपात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून उभा राहिला आणि बोटं बधिर होईपर्यंत हलला नाही. पुढे ही त्याची रीतच झाली. दिवसातून चारदा, कधी सहादा. बायको कामावरून आली की त्याचे हात बघायची. सुरकुतलेले, पांढरे पडलेले, पण कुठे फुटलेले नाहीत. मग जेवायला वाढायची.

तिसऱ्या आठवड्यात थोरला कुंपण ओलांडूनच आला. ओळंबा अंगणात काँक्रीट कालवत होता. थोरल्याने सरळ लाथ मारून ते पाटीभर काँक्रीट मातीत सांडलं आणि समोर छाती काढून उभा राहिला. दात गेलेल्या जागेतून त्याने जी पिंक टाकली ती ओळंब्याच्या बुटावर पडली. अकरा वर्षांत ते इतक्या जवळ आले नव्हते. ओळंब्याला भावाच्या कानातले पांढरे केस दिसले. त्याचा उजवा हात छातीपर्यंत वर गेला. मग तो वळला आणि पिंपात हात घालून उभा राहिला, भावाकडे पाठ करून.

थोरला बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिला. मग निघून गेला.

ओळंब्याला वाटलं, जिंकलो. बायकोला त्याने ते कोनाड्यात बाटली ठेवावी इतक्या हळुवारपणे सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "बघा, जमतं की माणसाला."

पण थोरल्याच्या डोक्यात काय चाललं होतं? तो घरी जाऊन बसला आणि त्याला घाम फुटला. ज्या भावाने जन्मभर तोंडाआधी हात चालवला, तो आज मारत नाही? थुंकलं तरी मारत नाही? म्हणजे याने काहीतरी मोठं योजलंय. हा वाइनबिइनसाठी खणत नाही. हा माझी भिंत पोखरतोय. माझं घर पाडणार आहे. बरं, जाऊन विचारावं तर जिभेला अकरा वर्षांचा गंज. पोलिसांत जावं तर सख्ख्या भावाची तक्रार करायला लाज. शेवटी थोरल्याने तेच केलं जे त्याला येत होतं. त्याने आपल्या बाजूने, भिंतीला लागून, खड्डा खणायला घेतला. आपणही खालून नवा पाया भरायचा, म्हणजे धाकट्याने काहीही केलं तरी भिंत उभी राहील. माती त्याने बाहेर काढली नाही, आतल्या खोलीत ढीग घातला. आणि बापाने शिकवलं होतं तसे घास पाडले. सहा. डाव्या हातापासून.

ओळंब्याने एक नंबर उघडला, भरला. दुसऱ्या दिवशी पलीकडून धाड धाड सुरू झाली. नेहमीचंच, त्याला वाटलं. बायकोला मात्र वेगळं वाटलं.

"आज आवाज भिंतीतून येत नाही हो. खालून येतोय."

"नळी खाली मारत असेल."

"जाऊन बघा तरी काय चाललंय ते."

पूर्वीचा ओळंबा एका उडीत कुंपण ओलांडून गेला असता. भावाची गचांडी धरली असती, दोन दिल्या असत्या, दोन खाल्ल्या असत्या, आणि भावाच्या खोलीतला मातीचा ढीग त्याला दिसला असता. पण आता तो सुधारला होता. "मी गेलो तर हात उचलला जाईल," तो म्हणाला. आणि ते खरंही होतं. मला आजही कळत नाही की त्या दिवशी त्याचं कौतुक करावं की त्याला धरून बडवावं.

शनिवारी सकाळी त्याने तीन नंबर उघडला. फुटण्यातून वाचलेल्या चोवीस बाटल्या त्याने आदल्या दिवशीच खड्ड्याच्या कोपऱ्यात आणून ठेवल्या होत्या, गारव्याला. बायको सकाळची पाळी करून दुपारी यायची होती. ती यायच्या आत हा घास काढून भरून टाकायचा, असा त्याचा बेत. भिंतीखाली तो आडवा पडून खणत होता. ओली, चिकट माती. डोक्यावर बापाने रचलेले दगड. धाड धाड जवळून येत होती, पण त्याचा चांगला कान खाली जमिनीकडे होता आणि वाईट कान वर.

दुपारी त्याची कुदळ एकदम हलकी गेली. उजव्या बाजूची माती घसरली आणि हातभर भोक पडलं. भोकातून दिव्याचा उजेड आला. उजेडात एक सूत लटकत होतं, सुताला पितळी ओळंबा, आणि सुतामागे थोरल्याचा चेहरा. तोही आडवा पडलेला. त्याच्याही हातात कुदळ.

दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांचीही नजर एकदम वर गेली. गवंड्यांना सांगावं लागत नाही. दोघांच्या मधे माती उरली नव्हती. सहा फूट भिंत हवेवर उभी होती.

"पळ!" थोरला ओरडला.

अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. ओळंबा कोपरांवर मागे सरकला, पाय आखडून घेतले, आणि भिंत बसली. कोसळली नाही, आधी बसली, म्हाताऱ्याने खुर्चीत बसावं तशी, एक सुस्कारा टाकून. मग मधला भाग पोटातून फुटला. दगड, विटा, बुजवलेलं दार, सगळं पलीकडच्या खड्ड्यात गेलं. एक दगड इकडे उडून बाटल्यांवर पडला. चोवीसच्या चोवीस फुटल्या. धुळीत काही दिसेना. ओळंब्याच्या कपाळातून रक्त येत होतं, तोंडात माती होती, आणि सगळीकडे आंबट वास.

"दादा!"

उत्तर नाही.

तो ढिगावर चढला. दगड उचलून मागे फेकायला लागला. कुदळ वापरता येत नव्हती, खाली डोकं असलं तर? त्याने नुसते हात चालवले. विटा उपसल्या, माती ओरबाडली. एका विटेखाली नख गेलं, दुसरं गेलं. तो शिव्या देत होता. भावाला, बापाला, भिंतीला, स्वतःला. "मरू नको, हरामखोरा! मेलास तर ठार मारीन!" एवढी माती, कुठे खणायचं? मग त्याला मातीतून वर आलेलं सूत दिसलं. पांढरं, ताणलेलं. त्याने ते दोन बोटांत धरलं आणि सुताच्या मागे मागे खणत गेला. हातभर खाली सूत एका मुठीत शिरत होतं. मूठ घट्ट होती. मुठीमागे मनगट, मनगटामागे खांदा, खांद्यामागे डोकं.

थोरल्याचं तोंड मातीने गच्च भरलं होतं. ओळंब्याने बोटं घालून माती काढली. आणखी काढली. डोकं मोकळं झालं, छाती मोकळी झाली, पण छाती हलत नव्हती. डावा पाय एका मोठ्या दगडाखाली होता, त्यामुळे ओढताही येईना. चेहरा निळा पडत चालला होता. ओळंब्याने त्याला कुशीवर वळवला, स्वतः मागे गुडघ्यांवर बसला, आणि मूठ वळून पाठीत मारली. एक. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी उचलली.

तेव्हा वर, खोलीच्या दारात, बायको उभी होती.

तिला काय दिसलं असेल, ते बघा. भिंत पडलेली. खड्डा लाल झालेला, त्यातली वाइन कुठली आणि रक्त कुठलं ते ओळखायची सोय नाही. तिच्या नवऱ्याचा चेहरा रक्ताने माखलेला, त्याचा भाऊ खाली निपचित, आणि नवऱ्याची मूठ हवेत.

ओळंब्याने तिला बघितलं. आणि त्याचा हात वरच थांबला.

हा माणूस किती मूर्ख आणि किती इमानी, ते इथे कळतं. भाऊ मरत होता आणि याचा हात हवेत अडकला होता, कारण त्याने शब्द दिला होता. "मी..." तो म्हणाला. "हा... श्वास..." पुढे बोलताच येईना. तो लहान पोरासारखा रडायला लागला, हात तसाच वर.

बायकोने शिडी बघितलीच नाही. ती सरळ खड्ड्यात उतरली, घसरली, काचांवर पडली, उठली. थोरल्याचा चेहरा तिने एकदाच बघितला. असे चेहरे तिने दवाखान्यात बघितले होते.

"थांबलात का?" ती किंचाळली. "मारा!"

"तू म्हणालीस..."

"मारा म्हणते ना! दोन खांद्यांच्या मधोमध! तळहाताने! जोरात!"

त्याने मारलं. तिने थोरल्याचं डोकं खाली करून धरलं होतं. "अजून!" ती म्हणत होती. "अजून! तुमच्यात जोर नाही का? जन्मभर दुनियेला मारलंत, सख्ख्या भावाला मारता येत नाही?" त्याने मारलं. तो मारत होता आणि रडत होता, ती ओरडत होती, आणि कुंपणाबाहेर जमलेल्या शेजाऱ्यांपैकी दोघांनी पोलिसांना फोन लावला, कारण आवाजावरून त्यांना खून चाललाय असंच वाटलं. सातव्या की आठव्या फटक्याला थोरल्याच्या घशातून चिखलाचा एक गोळा बाहेर पडला. मग एक घरघर. मग खोकला. आणि मग त्याने असा काही श्वास ओढला की ओळंब्याच्या अंगावर काटा आला.

पायावरचा दगड काढायला अग्निशमनवाले येईपर्यंत वेळ गेला. बायकोने मांडीवर पट्टा आवळून रक्त थांबवलं आणि वर पाणी आणायला गेली. खड्ड्यात दोघेच उरले. ओळंबा भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"किती नंबर उघडलास?" थोरल्याने विचारलं. आवाज फाटलेला.

"तीन."

"मीही तीन."

 मग थोरल्याने, ज्या हातात अजून सूत होतं, तो डावा हात जरा वर केला. ओळंब्याने आपला डावा हात वर केला. एक पूर्वेकडे, दुसरा पश्चिमेकडे. भिंतीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहून दोघांनी डावीकडूनच मोजलं होतं. एकाचा तीन तो दुसऱ्याचा चार, म्हणजे शेजारचे दोन घास एकदम उघडले गेले. दोघांनीही बापाचा नियम अक्षर न अक्षर पाळला होता.

"म्हाताऱ्याने हे सांगितलंच नाही कधी," थोरला म्हणाला. "पलीकडून कोणी खणत असलं तर काय करायचं ते."

"विचारायचं."

"हं." थोरल्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "मारलंस तू मला."

"मारलं."

"किती?"

"मोजले नाहीत."

"बाबा मोजून मारायचे," थोरला म्हणाला, आणि त्याच्या पुढचे दोन दात नसलेल्या तोंडावर हसू आलं की कळ आली, ते ओळंब्याला समजलं नाही.

थोरल्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यातून त्याला ओळंब्याच्याच घरी आणलं. तिथे त्याने चहाचा पेला ओळंब्याच्या अंगावर फेकला, कुबडीने त्याच्या नडगीवर मारलं, आणि दिवसातून दहादा त्याला नालायक म्हटलं. ओळंब्यानेही त्याला शिव्या घातल्या. घरात शांतता वगैरे काही आली नाही. बायको दोघांच्याही पट्ट्या बदलायची. तिची पेटी दाराजवळ होती ती तिथेच राहिली, पण तिच्यावर आता थोरल्याची औषधं आणि कुबडी असायची.

पावसाळ्याच्या आत पाया नव्याने भरायला हवा होता, नाहीतर उरलेली भिंतही गेली असती. ओळंबा खड्ड्यात उतरला. थोरला वर खुर्चीत बसला, मांडीवर पितळी ओळंबा, कापलेला पाय उशीवर. खाली खडूने घास आखायचे होते. ओळंब्याने खडू हातात घेतला, भिंतीपाशी गेला, आणि थांबला. वर बघून म्हणाला, "दादा, कुणाच्या डाव्या हातापासून मोजू?"

थोरल्याने खुर्ची पुढे ओढायला सांगितली. बायकोने ती खड्ड्याच्या कडेपर्यंत आणून दिली. तो वाकून, भाऊ ज्या बाजूला तोंड करून उभा होता त्याच बाजूला तोंड करून बसला.

"तुझ्या," तो म्हणाला. "आणि प्रत्येक नंबर मोठ्याने सांग. मला ऐकू आला पाहिजे."

"एक," ओळंबा ओरडला.